राठ केस, इस्त्रीचा चिमटा आणि बेडकाची बरणी

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक लग्न होते, कोकणात. निघायच्या चार दिवस आधी माझी भाची, अकरावी विज्ञान शाखेतली, न्हाणीघराचे दार लावून आत काहीतरी करीत बसली होती. अर्ध्या तासाने ती डोळे चोळत आणि खोकत बाहेर आली. तिच्यामागून जो वास आला तो मला एकदम ओळखीचा वाटला. पंचवीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेतले एक कपाट उघडताना तो माझ्या नाकात गेला आहे. बेडूक आणि साप ठेवलेल्या बरण्यांचा वास. फॉर्मॅलिनचा.

"मावशी, केस सरळ करायचं क्रीम आहे. घरच्या घरी करता येतं. आणि हे बघ, 'फॉर्माल्डिहाइडविरहित' असं छापलंय त्यावर."

छापले होते खरे, चांगल्या ठळक अक्षरांत. घटकांची यादी मात्र भिंगाखाली धरावी लागेल अशी होती. वासावरून रसायन ओळखू नये असे मी वर्गात नेहमी सांगते. डोळ्यांना झोंबणारी द्रव्ये अनेक असतात. पण शंका येण्यापुरता तो वास पुरेसा होता. आम्ही इस्त्रीचा चिमटा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिचे केस भरपूर पाण्याने धुतले. नंतर चहा पिताना तिने विचारले, "पण मग केस सरळ होतात तरी कसे? आणि त्याचा बेडकाशी काय संबंध?"

प्रश्न चांगला होता. वर्गातल्या निम्म्या मुली (आणि आता बरेच मुलगेही) आपल्या केसांवर काही ना काही प्रयोग करीतच असतात. रासायनिक बंध शिकवायला याहून जवळचे उदाहरण सापडायचे नाही. म्हणून ते उत्तर जरा विस्ताराने येथे देत आहे.

आधी केस म्हणजे काय ते पाहू. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत भाग त्वचेच्या आत, केशमुळाशी. तेथे पेशी तयार होतात, केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, कडक होतात आणि महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वर ढकलल्या जातात. केशमुळाची नळी सरळ असेल तर केस सरळ येतो, वाकडी असेल तर कुरळा. म्हणजे कुरळेपणाचा साचा डोक्याच्या आत आहे. वरून काहीही लावा, साचा बदलत नाही. 'कायमचे सरळ' याचा अर्थ फार तर 'आज बाहेर आहे तेवढा केस कायमचा सरळ' इतकाच. नवीन केस पुन्हा कुरळाच उगवणार.

केसाचा गाभा केरॅटिनच्या लांब तंतूंचा असतो. त्यावर चपट्या पेशींचे पाच ते दहा थर असतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक सरकवलेले, उघडी कड टोकाच्या दिशेला. एक केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून टोकाकडे न्या आणि मग उलट दिशेने न्या. उलट जाताना बोट अडखळते. ती कौलांची कड. या कौलांवर मेदाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे नवा केस गुळगुळीत आणि पाण्याला जरा विन्मुख असतो. ऊन, साबण आणि कंगवा यांनी हा थर झिजतो, कौले उचकटतात आणि हात फिरवल्यावर आपण म्हणतो, केस राठ झाले.

आता तंतूंकडे. एका तंतूला शेजारच्या तंतूशी जोडून ठेवणारे बंध मुख्यतः तीन प्रकारचे. पहिले हायड्रोजन बंध, संख्येने पुष्कळ पण एकेकटे दुबळे. पाणी लागले की सुटतात. दुसरे आम्लधर्मी आणि अल्कधर्मी गटांमधले क्षारबंध. ते सामू बदलला की सुटतात. तिसरे गंधकाचे. केरॅटिनमध्ये साधारण दर सहा-सात अमिनो आम्लांमागे एक सिस्टीन असते, त्यात गंधक असतो आणि दोन तंतूंवरचे दोन गंधक अणू एकमेकांचा हात धरतात. हा डायसल्फाइड बंध पाण्याने सुटत नाही आणि घरगुती इस्त्रीच्या सर्वसाधारण उष्णतेनेही सहसा सुटत नाही. केस जळताना येणारा उग्र वास बराचसा याच गंधकाचा. केस सरळ करण्याचा कोणताही उपाय समोर आला की एकच प्रश्न विचारावा: हा यांपैकी कोणता बंध सोडवतो, आणि तो पुन्हा बांधतो कशाने?

पहिल्या प्रकारासाठी कोणतेही क्रीम लागत नाही. वर्गात करून पाहा. एक लांब केस ओला करून पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा, टोके चिकटपट्टीने चिकटवा आणि उन्हात वाळू द्या. सोडल्यावर तो वेटोळे घेऊनच राहतो. आता तोच केस किटलीच्या वाफेजवळ धरा (हात जरा दूर ठेवून). काही क्षणांत वेटोळे सुटेल. ओला होताना हायड्रोजन बंध सुटले, वाळताना नव्या जागी बांधले गेले, वाफेने पुन्हा सुटले. रात्री ओलसर केसांची वेणी घालून झोपणाऱ्या आपल्या आज्या हेच करीत. सुती साडी पाणी शिंपडून इस्त्री करतो तेव्हाही हीच गोष्ट घडते. तेथे प्रथिनाऐवजी सेल्युलोज असते, बंध तेच.

यातूनच केस पिंजारण्याचे कारण कळते. हवेतली आर्द्रता म्हणजेही पाणीच. ओला केस जाडीत सुमारे १५ टक्के फुगतो, पण लांबीत जेमतेम दोन टक्के वाढतो. १७८३ साली जिनिव्हाच्या होरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने या दोन टक्क्यांवर आर्द्रतामापी बांधला आणि पुढे दीर्घकाळ हवामानखात्यांनी केसाच्याच उपकरणांवर भिस्त ठेवली. शाळेत तो करता येतो. वीस सेंटिमीटरचा, साबणाने धुऊन तेल काढलेला केस एका टोकाला खिळ्याला बांधा, दुसरे टोक झाडूच्या काडीच्या दर्शकाला टेकूजवळ बांधा. काडीचा लांब भाग आखूड भागाच्या दहापट ठेवला की केसातला एक-दोन मिलिमीटरचा बदल टोकाशी एक-दोन सेंटिमीटरचा दिसतो. एप्रिलच्या दुपारी एक खूण करा आणि जुलैत दुसरी. कुरळ्या डोक्यावर असे लाखभर आर्द्रतामापी असतात. त्यांतला प्रत्येक थोडा वेगळा फुगतो आणि वेगळ्या ठिकाणी वळतो, कारण प्रत्येकाची कौले वेगळ्या ठिकाणी उचकटलेली असतात. शेजारचे केस एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणून पुण्याला नीट बसलेले केस मुंबईच्या पावसाळ्यात ठाणे येईपर्यंत फुलून उभे राहतात.

तेव्हा पिंजारलेल्या केसांसाठी पहिले काम बंध तोडण्याचे नाहीच. पाण्याची ये-जा मंदावायची आणि कौले बसवायची, हे ते काम. येथे स्वयंपाकघरातले काही पदार्थ उपयोगी पडतात, काही नुसते पडतात. खोबरेल तेलाविषयी २००३ साली मुंबईच्या रेळे आणि मोहिले यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन आहे. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतून निघून जाणारे प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाले. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हे काम खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले होते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना ते माहीत असावे. न्हाण्याआधी तेल लावण्याची आपली रीत मात्र या निष्कर्षाशी जुळते.

जवस उकळून काढलेला बुळबुळीत रस किंवा तांदळाची पेज केसांना लावतात, ती म्हणजे साडीला घातलेली खळ. पॉलिसॅकराइडचा पापुद्रा केसावर बसतो, केसांना एकत्र धरतो आणि पुढच्या धुण्यात निघून जातो. निरुपद्रवी आणि तात्पुरते. अंडे आणि दही यांतल्या प्रथिनांचे रेणू मोठे असतात, ते अखंड असताना केसात शिरत नाहीत. वरचा लेप म्हणून जे होईल ते. खायचा सोडा लावण्याचा सल्ला हल्ली बराच ऐकू येतो, तो मात्र उलटा आहे. सोड्याचे द्रावण अल्कधर्मी, त्याने केस अधिक फुगतो आणि कौले अधिक उघडतात. अंगाच्या साबणाचेही तेच. त्यातून बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारी साय केसांवर बसते. बादलीच्या कडेला बसते तीच. मराठवाड्यातल्या कित्येक मुलींच्या 'राठ' केसांत केसाचा दोष थोडा आणि या सायीचा फार. अशा पाण्यात सौम्य शाम्पू आणि शेवटी तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस, एवढ्यानेही फरक पडतो.

कंडिशनरचे तत्त्व मुलांना आवडते. केसाचा पृष्ठभाग साध्या पाण्यात ऋणभारित असतो, आणि झिजलेल्या जागी जास्तच. कंडिशनरचे रेणू धनभारित असतात, त्यामुळे जेथे झीज अधिक तेथे ते अधिक चिकटतात. जोडीला सिलिकोनचा पातळ थर असला की केस एकमेकांवरून सरकतात. धुतल्यावर ओलसर केसांत थोडा तसाच ठेवून, मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरून, न चोळता वाळू देणे, हा राठ केसांसाठी घरी करता येण्यासारखा सर्वांत बिनधोक उपाय. त्याला जाहिरातीत फारसे स्थान नसते हे खरे.

इस्त्रीचा चिमटा पहिल्या प्रकारचेच काम जोराने करतो. हायड्रोजन बंध उष्णतेने सैल होतात, केस ताणलेल्या स्थितीत थंड होतो आणि तसाच राहतो, पुन्हा पाणी लागेपर्यंत. दोन गोष्टी सांभाळायच्या. घरगुती चिमटे २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि साधारण २०० अंशांपुढे केरॅटिनची मळसूत्री रचनाच मोडू लागते. ती परत येत नाही. दुसरे, ओल्या केसावर चिमटा कधीच लावू नये. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते आणि केसात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस फुगे आलेल्या पापडासारखा दिसतो. तेथेच तो तुटतो.

यापुढे गंधकाच्या बंधांचा प्रांत. १९४० च्या दशकात थायोग्लायकोलिक आम्लाची लवणे वापरात आली. ती डायसल्फाइड बंधाला हायड्रोजन देऊन तोडतात, म्हणजे क्षपण. केस मऊ झाल्यावर हवा तसा वळवायचा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करून बंध नव्या जागी जोडायचे. कुरळे करणे आणि सरळ करणे, दोन्हींत रसायन तेच, फक्त मधला साचा निराळा. विद्यार्थ्यांना क्षपण आणि ऑक्सिडीकरण पाठ असते, ते आपल्याच डोक्यावर घडते हे माहीत नसते. घरी हा उपाय बिघडतो तो वेळेमुळे. पाच-दहा मिनिटे जास्त झाली तर गरजेपेक्षा अधिक बंध सुटतात. दुसरी बाटली कंटाळून अर्धवट लावली तर ते सुटेच राहतात. मग केस सरळ होतो आणि विंचरताना हातात येतो.

सोडियम हायड्रॉक्साइडवर आधारलेली मलमे याहून कडक. त्यांचा सामू १२ च्या वर. मोरीत केसांचा बोळा अडकला की आपण कॉस्टिक सोडा टाकतो तो केस विरघळवण्यासाठीच, एवढे सांगितले की पुरे. टाळूवर भाजल्याच्या जखमा त्यानेच होतात.

आणि आता बरणीतला बेडूक. फॉर्माल्डिहाइड हा एक कार्बनचा छोटासा रेणू, मुळात वायू. त्याचे पाण्यातले सुमारे ३७ टक्क्यांचे द्रावण म्हणजे फॉर्मॅलिन. प्रथिनाच्या एका साखळीवरचा नायट्रोजनयुक्त गट आणि शेजारच्या साखळीवरचा दुसरा गट यांच्यामध्ये तो एका कार्बनचा पूल बांधतो. असे लाखो पूल बांधले की बेडकाचे स्नायू ताठ होतात, जंतूंची विकरे त्यांना पचवू शकत नाहीत आणि बेडूक पंचवीस वर्षे तसाच राहतो. केसाला हे द्रावण लावून वाळवले आणि २३० अंशांचा चिमटा फिरवला की केरॅटिनमध्येही तसेच पूल बांधले जातात, पण केस सरळ धरलेला असताना. गंधकाचे बंध न मोडता केस काही महिने सरळ व तुकतुकीत राहतो. ब्राझीलमधून जगभर गेलेल्या या पद्धतीला 'केरॅटिन ट्रीटमेंट' म्हणतात. बाटलीत थोडे केरॅटिन असते, ते केसावर लेप देते. मूळ काम पूल बांधणाऱ्याचे. नाव मात्र लेपाचे.

ज्या देशात हे सुरू झाले तेथेच २००९ साली औषधांच्या व किराणामालाच्या दुकानांतून फॉर्मॅलिनच्या विक्रीला बंदी घालावी लागली, कारण लोक ते आणून घरच्या घरी केसांत घालत होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, केशकर्तनालयात काम करणाऱ्या स्त्रियांनी डोळे चुरचुरणे, श्वास अडणे, नाकातून रक्त येणे अशा तक्रारी केल्या. राज्याच्या कामगारसुरक्षा विभागाने 'फॉर्माल्डिहाइडविरहित' असे लिहिलेल्या बाटल्या तपासल्या, तर त्यांत सरासरी आठ टक्क्यांहून अधिक फॉर्माल्डिहाइड निघाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन २००४ सालीच मानवात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकले होते.

मग चिठ्ठीवर तसे कसे लिहिता येते? येथे थोडी शब्दांची हातचलाखी आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळले की त्याचा बहुतेक सगळा भाग पाण्याशी संयोग पावून मिथिलिन ग्लायकॉल बनतो. तेव्हा बाटलीत फॉर्माल्डिहाइड 'नाही' असे म्हणता येते. द्रावण तापले, सुकले की पाणी सुटते आणि वायू मोकळा होतो, नेमका चिमटा लावताना, चेहऱ्याजवळ. फॉर्मॅलिनच्या बरणीतही तेच मिथिलिन ग्लायकॉल असते, पण तिला कोणी फॉर्माल्डिहाइडविरहित म्हणत नाही.

तपासण्या वाढल्यावर दुसरे द्रव्य पुढे आले, ग्लायऑक्झिलिक आम्ल. अकरावी-बारावीच्या मुलांना त्याची रचना फळ्यावर काढायला सांगा. दोनच कार्बन, एकावर कार्बोक्सिलिक गट आणि दुसऱ्यावर अल्डिहाइड गट. फॉर्माल्डिहाइड नाही हे खरे, पण अल्डिहाइड आहेच. २०२३ साली इस्राएलमधल्या डॉक्टरांनी अशा फॉर्माल्डिहाइडविरहित उपायांनंतर मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागलेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या तिघांना डायलिसिस करावे लागले. २०२४ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका निरोगी तरुणीची हकीकत छापली. २०२० ते २०२२ या काळात तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तीनही वेळा तिला उलट्या, ताप व पाठदुखी होऊन मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होते. तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावले तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले. मार्ग समजण्यासारखा आहे: त्वचेतून आत गेलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाचे शरीरात ऑक्झॅलिक आम्ल होते, ते रक्तातल्या कॅल्शियमशी संयोग पावते आणि तयार झालेले लवण पाण्यात विरघळत नाही. मुतखडे बहुधा याच लवणाचे असतात.

'त्वचेवरच तर लावतो' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. पण टाळूची त्वचा म्हणजे मेणकापड नव्हे, आणि रसायनाने ती चुरचुरत असेल तर मुळीच नव्हे.

२०२२ साली अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या पाहणीचा अहवाल आला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करण्याची द्रव्ये वापरणाऱ्यांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण ४.०५ टक्के निघाले, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. 'धोका दुपटीहून अधिक' हे जितके खरे, तितकेच 'शंभरातल्या शहाण्णव जणींना तो झाला नाही' हेही खरे. शिवाय ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, आणि कोणत्या द्रव्याने काय झाले हे तीत वेगळे काढलेले नाही. आकडे कसे वाचावेत हे शिकवायला यावर एक तास जरूर खर्च करावा. कृष्णवर्णीय स्त्रियांत या द्रव्यांचा वापर कितीतरी अधिक होता. सरळ केस म्हणजेच नीटनेटके केस, अशी नोकरीच्या ठिकाणी अपेक्षा असली की रसायनाचा भार कोणाच्या डोक्यावर जातो ते येथे दिसते. आपल्याकडेही कुरळ्या मुलीला 'जरा केस विंचरून ये' असे वर्गात सगळ्यांदेखत सांगितले जाते. मीही सांगितले आहे. तिने ते विंचरलेलेच होते.

भाचीने भिंग आणून ती यादी वाचली. तिसऱ्या क्रमांकावर ग्लायऑक्झिलिक आम्ल होते. मला आलेला फॉर्मॅलिनचा वास त्याचा की आणखी कशाचा, हे आमच्या घरात ठरण्यासारखे नव्हते. बाटली माळ्यावर गेली. तिने मला वहीत लिहून मागितलेले शब्द असे: फॉर्मॅलिन, मिथिलिन ग्लायकॉल, मिथेनडायॉल, ग्लायऑक्झिलिक आम्ल. यांपैकी एकही दिसला आणि सोबत चिमट्याने तापवण्याची सूचना असली तर ती वस्तू घरी, बंद न्हाणीघरात तर नकोच. थायोग्लायकोलेट दिसले तर आधी विंचरताना गळलेल्या केसांच्या झुबक्यावर करून पाहावे आणि चोवीस तासांनी तो झुबका ओढून बघावा.

लग्नाच्या आदल्या रात्री तिने केसांना खोबरेल लावले, सकाळी धुऊन थोडा कंडिशनर ठेवला, सैल वेणीत वाळवले आणि बाहेरच्या थरावर १६० अंशांवर एकदाच चिमटा फिरवला. सकाळी नऊच्या फोटोत तिचे केस अगदी सरळ आहेत. दुपारी एकच्या पंगतीतल्या फोटोत ते निम्मे वळलेले आहेत, आणि संध्याकाळी समुद्रावर काढलेल्या फोटोत पूर्ण कुरळे. तीनही फोटो तिने वहीत क्रमाने चिकटवले आहेत आणि खाली वेळ व हवेतली आर्द्रता लिहिली आहे.